बशीतले जंतू, पायातली जखम

१

माझी आजी सुईण होती. गावातल्या सवर्णांच्या दोन पिढ्या तिच्या हातांवर जन्मल्या. अडलेली बाई सोडवायची ती, नाळ कापायची ती, वार पुरायची ती. आणि सगळे निभावून नेल्यावर उंबऱ्याबाहेर पदर पसरून वरून टाकलेले धान्य घ्यायची तीच. या विसंगतीबद्दल आपल्या साहित्यात पुष्कळ लिहिले गेले आहे व पुढेही लिहिले जाईल. मला आज त्या हातांबद्दल दुसराच एक प्रश्न विचारायचा आहे. त्या हातांना जे औषध ठाऊक होते, ते खरे होते का?

हा प्रश्न विचारणे सोपे नाही. आपल्या माणसांच्या ज्ञानावर शंका घेणे म्हणजे प्रस्थापितांच्या पंगतीला जाऊन बसणे, असे मानणारे मित्र मला आहेत. आजी अडाणी होती, तिच्या पाल्यापाचोळ्यात काही अर्थ नव्हता, असे म्हणून मोकळे होणारे शिकलेले नातेवाईकही आहेत. मी दोन्ही घरी राहून आलो आहे. दोन्ही घरांत एक गोष्ट सारखी आढळली : तो पाला खरोखर काय करतो, हे कोणी पाहिलेले नव्हते.

मी एका तालुक्याच्या गावी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. घराण्यात पदवी घेतलेला पहिलाच. दरवर्षी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची मुले प्रकल्प करतात आणि त्यांतले निम्म्याहून अधिक एकाच साच्याचे असतात : अमुक वनस्पतीच्या अर्काचा जखमेतील जंतूंवर होणारा परिणाम. पाला फुकट मिळतो, उपकरणे थोडी लागतात, आठवड्याभरात निकाल हाती येतो. शेवटचे वाक्यही ठरलेले असते : 'सबब ही वनस्पती जखमांच्या उपचारासाठी उपयुक्त आहे.' अशा किती वाक्यांखाली मी सह्या केल्या, याचा हिशेब माझ्यापाशी नाही. त्यातली एक सही मात्र मी विसरू शकत नाही.

२

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, नगरपालिकेत सफाई कामगार होते. पाच वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात तुंबलेले गटार मोकळे करताना फुटक्या बाटलीची काच त्यांच्या तळव्यात गेली. गमबूट मिळाल्याची नोंद कागदावर होती. पायात स्लीपर होती. रक्त थांबल्यावर त्यांनी उरलेले काम पुरे केले आणि घरी आले. चार दिवस कोणाला सांगितले नाही. पुढे विचारले तेव्हा म्हणाले, "दुखतच नव्हतं, तर काय सांगू?"

ते दुखत नव्हते, हेच खरे तर पहिले वाईट लक्षण होते. त्यांना साखरेचा आजार होता आणि तो कोणाला ठाऊक नव्हता. या आजारात पायाच्या नसा हळूहळू बधिर होतात, रक्तपुरवठा कमी होतो. मग काच रुतली काय नि खिळा रुतला काय, पायाला पत्ता लागत नाही.

आईने मला फोन केला. म्हणाली, "आत्याबाई लावायच्या तेच लावलंय. एकदांडीचा रस आन् हळद." त्याच वर्षी एकदांडीवरचा एक प्रकल्प माझ्या हाताखाली झाला होता. छान वर्तुळे आली होती. मी फोनवर म्हणालो, "लावा, चांगलं असतं ते."

तीन आठवड्यांनी मी गावी गेलो. पट्टी सोडली तेव्हा चिंधीवर हिरवट पू होता आणि त्याला एक गोडसर वास येत होता. तो वास मी प्रयोगशाळेत शेकडो वेळा घेतला आहे. घरात उभे राहून मला तो ओळखवेना, किंवा ओळखायचे धैर्य झाले नाही. इस्पितळात साखर तपासली, पू तपासला. अहवालात जंतूचे नाव होते स्युडोमोनास एरुजिनोसा. आधी दोन बोटे गेली, मग अर्धे पाऊल.

परत आल्यावर मी कपाटातून तो प्रकल्प काढला. तक्त्यात चार जंतू होते. पहिल्या दोघांपुढे मिलिमीटरचे आकडे होते. शेवटच्या ओळीत स्युडोमोनास होता आणि त्याच्यापुढे आडवी रेघ होती. आडवी रेघ म्हणजे काहीही परिणाम नाही. त्या तक्त्याखाली माझी सही होती.

हा लेख त्या आडव्या रेघेबद्दल आहे.

३

ही चाचणी कशी करतात ते आधी सांगतो, कारण ती समजल्याशिवाय तिचा निकाल वाचता येत नाही.

प्रथम वनस्पतीची ओळख पटवावी लागते. एका नावाच्या चार वनस्पती आणि एका वनस्पतीची चार नावे, अशी आपल्याकडची स्थिती. एकदांडीलाच कोठे कंबरमोडी म्हणतात, कोठे दगडी पाला. बांधावर, रस्त्याच्या कडेला, पडक्या भिंतीत उगवणारी, लांब दांड्याच्या टोकाला एकच लहानसे फूल धरणारी ही वनस्पती. शास्त्रातले तिचे नाव ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स. ती मूळची उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेची. युरोपातले दर्यावर्दी अमेरिकेला पोचले १४९२ साली. ही वनस्पती आपल्याकडे आली ती त्यानंतर. म्हणजे 'हजारो वर्षांपासून चालत आलेले औषध' हे वर्णन तिला लागू पडत नाही. मला यात कमीपणा वाटत नाही. परक्या मुलखातले एक तण बांधावर उगवले, आणि खुरप्याने बोट कापलेल्या कोणा माणसाने त्याचा पाला चोळून लावून पाहिला, त्याचे काय होते ते ध्यानात ठेवले, शेजारणीला सांगितले. कोणत्याही पोथीची परवानगी न घेता केलेला तो प्रयोगच होता. फक्त त्याची नोंद नव्हती आणि त्याला ताळा नव्हता.

ओळख पटली की पाला धुऊन सावलीत वाळवतात, पूड करतात आणि ती पाण्यात, मद्यार्कात, मिथेनॉलमध्ये वेगवेगळी भिजवतात. पाण्यात उतरणारी द्रव्ये निराळी, मिथेनॉलमध्ये उतरणारी निराळी. मग गाळून, विद्रावक उडवून, उरलेला घट्ट अर्क तोलतात.

जंतू घेतात ते ओळखीचे. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा आपल्या नाकात, कातडीवर राहणारा आणि जखमेत पू करणारा गोल जंतू. ई. कोलाय आतड्यातला. स्युडोमोनास ओलाव्यात वाढणारा : गटार, मोरी, इस्पितळातले नळ ही त्याची घरे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संग्रहातून किंवा चंदीगडच्या संग्रहातून असे प्रमाणित जंतू महाविद्यालये विकत घेतात.

मग म्यूलर-हिंटन अगर नावाचे घट्ट माध्यम काचेच्या बशीत चार मिलिमीटर जाडीचे ओततात. जंतूंचे पाणी ठरावीक गढूळ करतात, मिलिलिटरमागे सुमारे १५ कोटी जंतू, आणि कापसाच्या बोळ्याने ते बशीभर सारखे सारवतात. अंगण सारवताना जसा हात फिरतो तसाच. त्या थरात सहा मिलिमीटर रुंदीची भोके पाडून त्यांत अर्क घालतात आणि बशी ३५ ते ३७ अंशांवर रात्रभर ठेवतात. सकाळी सगळ्या बशीवर जंतूंची साय आलेली असते. भोकाभोवती जर स्वच्छ वर्तुळ उरले असेल, तर अर्क जेथवर झिरपला तेथवर जंतू वाढू शकले नाहीत. पट्टी लावून हे वर्तुळ मोजतात.

एवढेच असते तर ते शाळेतल्या मुलालाही करता आले असते. या चाचणीची खरी अक्कल शेजारच्या भोकांत आहे. एका भोकात अर्क घातला तर दुसऱ्यात नुसता विद्रावक घालावा लागतो, आणि तिसऱ्या जागी ज्याचा परिणाम माहीत आहे अशा प्रतिजैविकाची चकती ठेवावी लागते. यांना मी वर्गात साक्षीदार म्हणतो. मिथेनॉल स्वतःच जंतू मारते. ते अर्कातून पुरते उडाले नसेल तर वर्तुळ येते आणि श्रेय पाल्याला जाते. प्रतिजैविकाची चकती नसेल तर बशीच बिघडलेली होती की काय, हे कळायला मार्ग राहत नाही.

माझ्या सहीच्या त्या प्रकल्पात नुसत्या विद्रावकाचे भोक नव्हते. पुढच्या वर्षी आमच्याच वस्तीतली एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. मी तिला तोच प्रयोग पुन्हा करायला सांगितला, पण सगळे साक्षीदार उभे करून. मिथेनॉलच्या एकट्या भोकाभोवतीही वर्तुळ आले. अर्क नीट वाळवून घेतल्यावर स्टॅफिलोकॉकसवरचे वर्तुळ लहान झाले, पण उरले. स्युडोमोनासपुढे पुन्हा आडवी रेघ. आणि वस्तीत जसा लावतात तसा पाण्यात चोळलेला ताजा रस घातला, तेव्हा कोणत्याच जंतूवर काही आले नाही. ती हिरमुसली. म्हणाली, "सर, प्रकल्प फसला." मी म्हणालो, या खोलीत झालेला पहिला पुरा प्रकल्प हाच.

४

आता वर्तुळ आले असे धरू. ते काय सांगते आणि काय सांगत नाही?

ते सांगते की या अर्कात काही तरी आहे. ते किती आहे, हे सांगत नाही. १९६६ साली बाउर, कर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत या पद्धतीला शिस्त लावली, ती प्रतिजैविकांच्या चकत्यांसाठी. अमुक औषधाचे इतक्या मिलिमीटरचे वर्तुळ म्हणजे रोग्याला ते लागू पडण्याचा संभव, असे तक्ते त्या औषधांसाठी तयार आहेत. झाडपाल्याच्या अर्कांसाठी असा तक्ता नाही. शिवाय वर्तुळाचा आकार अर्क अगरमध्ये किती झिरपतो यावरही ठरतो. हळदीतले कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून ते भोकातच बसून राहते. तेव्हा लहान वर्तुळ म्हणजे दुबळे औषध आणि मोठे म्हणजे जबर औषध, हा हिशेब चुकीचा.

म्हणून पुढची पायरी असते ती कमीत कमी किती अर्काने वाढ थांबते हे शोधण्याची. नळ्यांच्या रांगेत अर्क निम्मा-निम्मा करत नेतात आणि कोणत्या नळीपर्यंत पाणी नितळ राहते ते पाहतात. मिलिलिटरमागे १०० मायक्रोग्रॅमच्या आत काम झाले तर अर्क लक्ष देण्याजोगा, १००० च्या वर लागला तर फारसा अर्थ नाही, असा अनेक संशोधकांचा दंडक आहे. नेहमीची प्रतिजैविके बहुधा एक-दोन मायक्रोग्रॅममध्ये आपले काम करतात. या रांगेत आल्यावर बशीतली कितीतरी सुंदर वर्तुळे विरून जातात.

जंतूंचे कवचही लक्षात घ्यावे लागते. स्टॅफिलोकॉकससारख्या जंतूंना बाहेरचे दुसरे पटल नसते. स्युडोमोनास आणि ई. कोलाय यांना ते असते, आणि स्युडोमोनास तर आत शिरलेले द्रव्य पंपाने बाहेर फेकतो. पाल्याचे अर्क पहिल्या गटावर चालतात आणि दुसऱ्यावर अडतात, हा अनुभव जगभरचा आहे. तेव्हा 'जंतुनाशक वनस्पती' हा शब्द अपुरा आहे. कोणत्या जंतूला, हे विचारलेच पाहिजे. आबांच्या पायाने तेच विचारले होते.

आणि अखेर, जखम म्हणजे बशी नव्हे. हे दाखवून देणारा माणूस पुढे पेनिसिलिनमुळे जगप्रसिद्ध झाला. १९२८ च्या त्या शोधाआधी, पहिल्या महायुद्धात, अलेक्झांडर फ्लेमिंग फ्रान्समध्ये बुलोन येथील लष्करी इस्पितळात जखमी सैनिकांचा पू तपासत असे. डॉक्टर जखमांत कडक जंतुनाशके ओतत होते आणि सैनिक तरीही मरत होते. फ्लेमिंगने काचेची एक नळी तापवून तिला आतून पोकळ असे काटे काढले. दारूगोळ्याने फाटलेल्या जखमेचे कानेकोपरे असतात तसे. तीत दूषित द्रव भरला, मग जंतुनाशकाने नळी धुतली, मग ताजा द्रव भरला. जंतू पुन्हा वाढले. काट्यांच्या टोकांत ते सुखरूप बसले होते. जंतुनाशक तेथवर पोचतच नव्हते, आणि जखमेतल्या ज्या पांढऱ्या पेशी जंतूंना खातात त्यांना मात्र ते आधी मारत होते.

अर्क जंतूला मारतो म्हणजे नव्या कातडीच्या पेशीला सोडतोच असे नाही. कच्चा लसूण बशीत उत्तम वर्तुळ देतो. तोच ठेचून कातडीवर बांधला तर भाजल्यासारखे फोड येतात. बाजारातल्या हळदीच्या पुडीत जंतूंची बीजे असतात, आणि पिवळेपणासाठी शिशाचे क्रोमेट मिसळण्याची भेसळही उघडकीला आलेली आहे. जखमेत जंतू चिकट थर करून राहतात आणि त्या थराखाली ते औषधाला सहज दाद देत नाहीत. सडलेले मांस काढल्याखेरीज, साखर आटोक्यात आणल्याखेरीज आणि पायावरचा भार काढल्याखेरीज मधुमेह्याची जखम कोणत्याही रसाने भरत नाही. निसर्गातले म्हणून ते निरुपद्रवी, ही समजूत ज्यांच्या पायाला काच लागत नाही त्यांना परवडते.

५

मग हा सगळा खटाटोप सोडून द्यावा काय? मला तसे वाटत नाही, आणि याचे कारण सोलापुरात आहे.

सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातले शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी भाजलेल्या रोग्यांवर मधाची चाचणी घेतली आणि ती १९९१ साली ब्रिटनच्या शल्यशास्त्रविषयक नियतकालिकात छापून आली. वरवर भाजलेले १०४ रोगी. निम्म्यांना मधात भिजवलेली पट्टी, निम्म्यांना त्या काळचे रूढ औषध, सिल्व्हर सल्फाडायझिन. सात दिवसांत मधाच्या गटातल्या ९१ टक्के जखमा जंतुमुक्त झाल्या, दुसऱ्या गटातल्या ७ टक्के. पंधरा दिवसांत मधाच्या गटातल्या ८७ टक्के भरल्या, दुसऱ्या गटातल्या १० टक्के. येथे बशी नव्हती. माणसे होती, आणि तुलनेला दुसरा गट होता.

मध काय करतो तेही आता बरेच कळले आहे. त्यातली दाट साखर जंतूतले पाणी ओढून घेते. तो आंबट असतो. जखमेतल्या ओलाव्याने तो पातळ झाला की त्यातले एक विकर हायड्रोजन पेरॉक्साइड थोडे थोडे तयार करत राहते. न्यूझीलंडच्या मानुका मधात मिथिलग्लायॉक्सल हे आणखी एक द्रव्य जंतूंना रोखते, हे २००८ मध्ये सिद्ध झाले.

म्हणून काय मधाचा जयजयकार करावा? सुब्रह्मण्यमांचे आकडे इतके चांगले होते की इतरांनी ते पारखून घेणे भाग होते. भाजण्यावरच्या बहुतेक चाचण्या एकाच केंद्रातल्या आहेत, हा आक्षेप पुढच्या समीक्षकांनी घेतला. २०१५ च्या कॉक्रेन समीक्षेने सगळ्या चाचण्या एकत्र तोलून असे म्हटले की अर्धवट खोल भाजलेल्या जखमा मधाने रूढ उपचारांपेक्षा चार-पाच दिवस लवकर भरतात आणि शस्त्रक्रियेनंतर चिघळलेल्या जखमांनाही त्याचा उपयोग दिसतो. इतर बऱ्याच जखमांबद्दल पुरावा अपुरा आहे. इस्पितळात वापरतात तो मधही बरणीतला नसतो. मधात घातक जंतूंची बीजे असू शकतात, म्हणून तो गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो.

मला सर्वांत मोठी वाटते ती यापुढची गोष्ट. १९९९ साली याच सुब्रह्मण्यमांनी आणखी एक चाचणी प्रसिद्ध केली. मध्यम प्रमाणात भाजलेल्या रोग्यांत एका गटाला मधाची पट्टी, दुसऱ्याची जळलेली कातडी लवकर काढून तेथे कातडीचे रोपण. निष्कर्ष असा की शस्त्रक्रिया मधापेक्षा सरस. ज्या माणसाने मधाला नाव मिळवून दिले त्यानेच, मध कोठे कमी पडतो, ते छापून सांगितले. आपल्या औषधाविरुद्ध आपल्या हाताने पुरावा गोळा करणे, याला मी विज्ञान म्हणतो.

मुंबईच्या शीव येथील रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केळीच्या पानाची पट्टी भाजलेल्या जखमांवर वापरून २००३ मध्ये तिचा अभ्यास छापला. केळीचे पान तेथे जंतू मारायला लावलेले नाही. ते निर्जंतुक करून लावतात. ते जखमेला चिकटत नाही, म्हणून पट्टी बदलताना रोगी किंचाळत नाही आणि नवी कातडी सोलून निघत नाही. स्वस्त आहे. म्हणजे पाल्याचा उपयोग कधी कधी तो आपण शोधत होतो तेथे नसून दुसरीकडेच असतो. तोही चाचणीनेच कळतो.

आणि शोधाची गरज वाढतेच आहे. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२.७ लाख माणसे थेट दगावली, असा अंदाज २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. जुनी औषधे बोथट होत असताना जगातल्या कोणत्याही पानाला 'हे काय बघायचे' असे म्हणणे परवडणारे नाही.

६

येथवर मी शास्त्र सांगितले. आता ज्ञान कोणाच्या नावावर जमा होते, हे पाहू.

१९९५ साली अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला दिले. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे महासंचालक असताना, त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. सगळ्या देशाला आनंद झाला. मलाही तो प्रसंग वाचताना होतो. पण ते कशाच्या बळावर रद्द झाले ते पाहा. परिषदेने ३२ लेखी पुरावे सादर केले. त्यांत जुने संस्कृत ग्रंथ होते आणि भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातला १९५३ चा एक लेखही होता. कोट्यवधी बायका रोज बोटावर हळद दाबतात, ही गोष्ट पुरेशी नव्हती. लिहिलेले हवे होते.

पुढे २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचे जे डिजिटल ग्रंथालय उभारले गेले, तेही आयुर्वेद, युनानी, सिद्ध अशा परंपरांच्या ग्रंथांवर उभे आहे. ते आवश्यकच होते. परंतु ज्यांना अक्षरांपासून दूर ठेवले, त्यांचे ज्ञान ग्रंथांत कोठून येणार? आजीचे एकदांडीबद्दलचे म्हणणे कोणत्याही पोथीत नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली गावोगाव लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची आहे. त्या वहीत कोणाला विचारून लिहिले जाते, नोंद करणारा आमच्या वस्तीपर्यंत येतो की चावडीवरून परततो, हे आपण पाहिले पाहिजे.

नोंद म्हणजे मान्यता नव्हे, हेही तितकेच ठामपणे सांगतो. नोंद करावी, मग तपासावे. आणि तपासणी माणसांपर्यंत पोचते तेव्हा सरकारी इस्पितळातल्या खाटेवर बहुधा आपलीच माणसे असतात. त्यांना समजेल अशा भाषेत सांगून, नाही म्हणण्याची मोकळीक ठेवून त्यांची संमती घेतली का, हेही विचारले पाहिजे. आपले ज्ञान घ्यायचे आणि आपले शरीर वापरायचे, एवढाच आपला वाटा असू नये.

७

आजीकडे परत येतो. जखमेच्या औषधांत तिचे एक औषध फार वाईट होते. नाळ कापल्यावर ती कधी राख लावायची, कधी शेण. विळ्याने कापायची. शेणात आणि मातीत धनुर्वाताच्या जंतूची बीजे असतात. जेथे हवा पोचत नाही अशा खोल किंवा मेलेल्या भागात तो वाढतो, आणि त्याचे विष नसांत शिरले की बाळाचा जबडा मिटतो, दूध ओढता येत नाही. आठवड्याच्या सुमारास ही लक्षणे दिसत, म्हणून सटवीने बाळ नेले असे म्हणत. शेण तर निसर्गातलेच होते.

सरकारचे दाई-प्रशिक्षण आले तेव्हा आजी गेली. तिला साबण, दोरा आणि नवे पाते मिळाले. शिकवणारी नर्स तिच्या शेजारी बसली होती, ही गोष्ट ती वारंवार सांगायची. त्यानंतर तिने विळा आणि शेण दोन्ही सोडले. का सोडलेस, असे मी लहानपणी विचारले होते. ती म्हणाली, "पातं नवं आसलं आन् काय लावलं न्हाई, तर पोरगं जगतंय. म्या मोजलंय."

म्या मोजलंय. तिला शंभरापुढे आकडे येत नव्हते. आईला धनुर्वाताची लस आणि स्वच्छ नाळ, या दोन गोष्टींनी, आजीसारख्या असंख्य बायकांच्या हातांनी, हा देश २०१५ मध्ये माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताच्या निर्मूलनापर्यंत पोचला. आजीने तिच्या सासूचे औषध तपासले आणि टाकून दिले. सोलापूरच्या सर्जनने १९९९ मध्ये जे केले त्याच जातीचे हे काम होते. मी एम.एस्सी. होऊन, हातात तक्ता असून, ती आडवी रेघ वाचली नाही.

आता आमच्या विभागात साक्षीदार भोकांशिवाय प्रकल्पावर सही होत नाही, आणि 'सबब उपयुक्त आहे' हे वाक्य मी खोडतो. त्याऐवजी कोणत्या जंतूवर, किती अर्काने, कोणत्या विद्रावकात, आणि कोठे चालले नाही, हे लिहायला लावतो. आडव्या रेघांचा तक्ता आधी येतो. वस्तीत मी एवढेच सांगतो : जखम भरपूर वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवा, स्वच्छ कापड बांधा, धनुर्वाताची सुई घ्या, साखर तपासा. पायाची जखम दोन दिवसांत सुधारली नाही, लाली वर चढली, वास आला, ताप आला, तर दवाखाना. साखर असेल तर दोन दिवसही थांबू नका. एकदांडी लावायची असेल तर तिने हे सगळे चुकवायचे नाही. आणि गमबूट कागदावर न राहता पायात यावेत म्हणून अर्ज करायचा असेल, तर तो मी लिहून देतो. आतापर्यंत तीन दिले.

आबा काठी घेऊन चालतात. मागच्या दिवाळीत ते कॉलेजात आले, पहिल्यांदाच. मी त्यांना बशी दाखवली : वर साय, मध्ये भोके, एकाभोवती स्वच्छ गोल. दुसऱ्या बशीवर नुसती साय होती, हिरवट झाक असलेली.

"ही कोणची?" त्यांनी विचारले.

"तुमच्या पायात होता तो."

ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ह्याला कायच लागू पडना व्हय?"

मी म्हणालो, "पालाबिला नाही. पण दुसरी औषधं पडतात. वेळेवर गेलं तर."

"मग तसं लिव्ह की कुठंतरी," ते म्हणाले.